चार भोकांचा पत्रा

नांदेड, एमआयडीसी
२२ मे २०२५, गुरुवार

तनुजा मॅडम,

नमस्कार. लातूरला मामा आणि मी ठीक. तुमचं तुम्ही बघा.

मागच्या गुरुवारी तुम्ही चार भोकं पाडलेला पत्रा माझ्या हातात ठेवला अन् माझं सगळं तिथंच फिरलं. "मल्लेश, आता सगळ्या बियाण्याच्या पेट्यांना हीच भोकं. कुणाचीही पेटी, आपल्या कोणत्याही पेरणी यंत्राला बसेल. तुम्हाला फिटिंगला यायची गरज नाही." माझ्या फेऱ्यांवरून मला चिडवणारे तुमचे फिटर पंढरीकाका पान्हा ठेवून हसले, "जावईबापू, सुटले की तुम्ही!"

लई मेहरबानी.

तीन वर्षं पेट्या फक्त आमच्या, मामाच्या लातूरच्या वर्कशॉपच्या. इथं येऊन, भोक पाडून, कानशीनं घासून मी बसवल्याशिवाय तुमचं एक यंत्र गेटबाहेर जात नव्हतं. आता राजकोटवाल्याच्या पेट्या आल्या, पंधरा मिनिटांत बसल्या. मामा विचारून राहिले, "आपलं काय चुकलं रे?"

तुमचं म्हणणं, लोहा गावचा कारखानाही हीच भोकं घेतोय, म्हणजे आमचंही गिऱ्हाईक वाढलं. खरंय. पण दुसरं गिऱ्हाईक मागितलं कुणी होतं?

लिहायचं नव्हतं, लिहितो. तुमच्या फ्रेमचं माप दुसऱ्याच महिन्यात माझ्या वहीत पक्कं होतं. लातूरहूनच भोकं पाडून आणता आली असती. मी मुद्दाम बिनभोकांच्या कोऱ्या पेट्या आणायचो, मुद्दाम भोक दोन सूत, म्हणजे पाव इंच, चुकवायचो. तुम्ही कमरेवर हात ठेवून शेजारी उभं राहावं म्हणून. इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष सोडलं, तेही याच फेऱ्यांपायी. अन् माझ्या त्या चुकांना वैतागूनच तुम्ही हा पत्रा काढला. राजकोटवाल्याला दार मीच उघडलं. हे मामाला कोणत्या तोंडानं सांगू?

एवढं हुशार डोकं तुझं, तनुजा. लातुरात एक पेटी न चुकवणारा माणूस तुझ्यासमोरच कसा चुकतो, हे तुला कळलं नाही? का कळलं, म्हणूनच हा पत्रा?

उत्तर नको. तू जेवायला गेलीस तोवर तुझ्याच टेबलावर बसून लिहितोय. शेवटच्या पेट्या खाली उतरवल्यात. जिन्यावर तुझा आवाज येतोय, पंढरीकाकाला हसून काहीतरी सांगतेस. थांबलो तर माफी मागेन, अन् ती मला मागायची नाही. मागच्या दारानं निघतो. दार ओढून घेतो.

तुमच्या अनेक पुरवठादारांपैकी एक,
मल्लेश