वाळत घातलेला ब्रश

भाभी,

उद्या संध्याकाळी माझ्या मुलीचं लग्न आहे. तिला मीच तयार करणार, आणि तिनं ब्रश नेमका तुम्ही दिलेला निवडलाय. चार-पाच ब्रश गालावर फिरवून पाहिले आणि म्हणाली, "आई, हाच. बाकीचे टोचून राह्यले." तिचं खोटं नाही. होस्टेलवर मैत्रिणींचे ब्रश वापरून तिचे दोन्ही गाल फोडांनी भरले होते, ते आता कुठे निवळलेत. जरा खरखरीत लागलं की लाल होतात. तुमचा ब्रश इतक्या वर्षांनीही मऊ आहे, कारण तो तुम्ही शिकवलात तसाच धुतला गेलाय. आता बोला.

जालन्यातलं तुमचं पार्लर म्हणजे कापडाच्या दुकानामागची एक खोली. मी अंबडकडच्या खेड्यातून एसटीनं तिथं शिकायला यायचे, आणि ब्रश ओढणीला पुसला की झाला साफ, असं समजायचे. एकदा तुम्ही ते पाहिलंत. माझ्या हातातून ब्रश घेतलात आणि माझ्याच गालाशी आणलात. "लाव ना. आत्ता त्या काकूच्या तोंडावरून फिरला, आता तुझ्या तोंडाला लाव. का मागं सरकून राह्यली?" मी रडकुंडीला आले. मग तुम्हीच वाटीत कोमट पाणी घेतलंत, शाम्पूचा थेंब टाकलात आणि ब्रशचे केस खाली धरून कसं धुवायचं ते दाखवलंत, म्हणजे पाणी दांड्यात शिरत नाही. टॉवेलात दाबायचा, सावलीत आडवा ठेवायचा. "जल्दी करायची न्हाई. ओला ब्रश म्हणजे फोडाला आवतन. धुऊन बराबर सुकला ना, मंग तो कोणाचाच न्हाई. नवाकोरा." मी माझं पार्लर काढलं तेव्हा तुमच्या रुमालात गुंडाळून हा ब्रश दिलात. माहेरची भेट समज, म्हणालात.

तुम्ही सवाष्ण गेलात. तुमच्या जाऊबाईंनी मला बोलावून घेतलं, तिला तूच सजव म्हणून. मी आधी पाणी मागितलं. आदल्या दिवशी तुम्ही दिलेला हा ब्रश एका नवरीच्या तोंडावरून फिरला होता, तो तसाच तुम्हाला कसा लावू? जाऊबाई म्हणाल्या, "अब इसको कौन से फोडे आनेवाले हैं, बेटी? जल्दी कर, बाहर लोग रुके हैं." त्यांचं बरोबर होतं. माझा हात मात्र पुढे होईना. दारात बसलेले तुमचे मालक, भैय्याजी, मान वर न करता म्हणाले, "धोने दो उसको." धुतला, टेबलफॅनसमोर धरला, तरी पुरता वाळला नाही. ओलाच तुमच्या गालावर फिरवला. एवढं एकदाच मी तुमचं ऐकलं नाही.

त्यानंतर तो कुणाच्याच तोंडाला लावला नाही. टाकवलाही नाही. दर दिवाळीला धुते, तुमच्याच रुमालात गुंडाळून कपाटात ठेवते. परवा बांगड्या शोधताना तो मुलीच्या हाती लागला. कुणाला शेवटचं सजवलेला हा ब्रश आहे, हे तिला ठाऊक नाही. सांगितलं तर नणंदा घर डोक्यावर घेतील. शुभकार्यात हे काय, म्हणतील. मुलगी हसून तोच लावून घेईल, आणि उद्या तिच्या संसारात काही कमी-जास्त झालं तर जन्मभर माझ्या मनात हाच ब्रश राहील. नाही लावला तर मांडवात तिचे गाल पेटतील. आणि तुमचा हात तिच्या तोंडावरून फिरावा, असंही मला फार वाटतं, भाभी. येणाऱ्या प्रत्येक बाईला मी तुमचंच वाक्य ऐकवते, धुऊन सुकला की तो कोणाचाच नाही म्हणून. माझा स्वतःचा त्यावर विश्वास नाही, हे आज कळतंय. काय करू, मला खरंच सुचत नाही.

सकाळी धुतला. बोअरच्या पाण्याला फेस येत नाही, म्हणून प्यायच्या जारमधलं पाणी घेतलं. खिडकीत सावलीला आडवा ठेवलाय. हळदीच्या अंगानं ती येता-जाता विचारते, "आई, वाळला का गं?" मी नाही म्हणते. हे पत्र कुठे टाकायचं? त्याच रुमालात ठेवून देईन. तुमच्यापाशी खोटं बोलवत नाही म्हणून सांगते. ब्रश दुपारीच वाळला होता. वाळत आला की मी जाते आणि पुन्हा ओला करते.