उलटीकडून वाचलेला राजा

सोनिवली, बदलापूर (पश्चिम)
मंगळवार, १४ नोव्हेंबर २००६

आदरणीय दादा,

सविनय जय भीम. वहिनींनाही सांग. तुझा गुडघा कसा आहे? भुसावळला थंडी पडली असेल, तर रुळांवर जाताना मफलर कानाला बांध, गळ्यात लोंबकळत ठेवू नकोस. इकडे आईचं बीपी ठीक, सोनियाचं शिलाईकाम ठीक, पायल आहे तिसरीत पण आवाज सातवीचा आहे. ठीक नाही तो एकटा मी. रविवारपासून एका जागी बसवत नाही. हे पत्रसुद्धा मी तीन ठिकाणी बसून लिहितोय : पहिला कच्चा कागद कारखान्याच्या कँटीनमध्ये, दुसरा घरी, आणि हा पक्का आता गॅलरीत, उभ्यानं. (सोनिया म्हणाली, "एकतर बसा, नाहीतर बाहेर जा." मी मधला मार्ग काढला.)

तर झालं असं की पायलच्या शाळेत पंचवीस तारखेला, शनिवारी, वाचन दिवस आहे. भावना मॅडमनी प्रत्येक मुलाला सांगितलं, घरातल्या मोठ्या माणसानं आयुष्यात वाचलेलं पहिलं पुस्तक घेऊन यायचं आणि वर्गात वाचून दाखवायचं. आपली पायलबाई लगेच उभी राहिली आणि म्हणाली, "माझ्या बाबांचं पहिलं पुस्तक चित्रांचं होतं, त्यात राजा होता आणि अजगर होता, आणि ते त्यांनी चाळीस वेळा वाचलंय." आता हे तिला मीच सांगितलेलं, एकदा ताप आला होता तेव्हा. त्यामुळे नाही म्हणायची सोय नाही.

पुस्तक तुला आठवतंय ना? मी दुसरीत होतो, कावीळ झाली होती, महिनाभर शाळा बंद. उल्हासनगरच्या कॅम्प चारमधल्या त्या खोलीत खाटेवर पडून मी चणे आणि उसाचा रस एवढ्यावर जगत होतो आणि भिंतीवरच्या पालीशी बोलायला लागलो होतो. तेव्हा तू शाळेतून येताना रद्दीच्या दुकानातून ते आणलंस. कव्हर नव्हतं. बारा पानं, प्रत्येक पानावर चार-पाच चौकटी, लाल रंग जरा रेषेबाहेर गेलेला. रोज संध्याकाळी तू मला ते वाचून दाखवायचास, हत्तीचा आवाज वेगळा, प्रधानाचा वेगळा, म्हातारीच्या बकरीचा वेगळा. मी विचारलं होतं, "दादा, ही अक्षरं अशी का?" तू म्हणालास, "जोडाक्षरं आहेत. चौथीत शिकवतात." मी शांतपणे चौथीची वाट बघत बसलो. पुढे मला ते इतकं पाठ झालं की मी स्वतःच बोट ठेवून वाचायचो आणि चाळीतल्या पोरांना वाचून दाखवायचो. गेली सव्वीस वर्षं मी समजून चाललोय की माझं पहिलं पुस्तक मी स्वतः वाचलं.

शोधायला सुरुवात केली रविवारी सकाळी. माळा उपसला. (त्यात आपल्या बाबांची छत्री सापडली, आईनं ती पुसून पुन्हा तिथेच ठेवायला लावली.) शेवटी आई म्हणाली, "माझी पेटी बघ." पेटीच्या तळाला, साड्यांच्या खाली, कागद म्हणून तेच अंथरलेलं! डांबरगोळ्यांचा वास, पण पानं बाराच्या बारा. मी तिथेच फरशीवर बसलो, पहिलं पान उघडलं, बोट ठेवलं, आणि दादा, बघतो तर काय! एक अक्षर मराठी नाही. सगळं अरबीसारख्या वळणाचं, वर-खाली ठिपके. मी पुस्तक फिरवून पाहिलं, चष्मा पुसून पाहिलं. आईला विचारलं, तर ती म्हणाली, "मला मेलीला कुठं वाचता येतंय? तुझा दादा नरू घडाघडा वाचायचा, म्हणजे मराठीच असणार."

मी चौतिशीला आलेला माणूस, कारखान्यात डिस्पॅच सेक्शनला क्लार्क, आणि मला कळतं की माझं पहिलं पुस्तक मी वाचलंच नव्हतं. तू पण वाचलं नव्हतंस. मग त्यात लिहिलंय तरी काय? तेव्हापासून माझं बूड टेकत नाही.

आई म्हणाली, ही सिंध्यांची लिपी, आपल्या शेजारचे टेकूमल शेठ अशाच अक्षरांचा पेपर वाचायचे. म्हणून काल अर्धी रजा टाकून उल्हासनगर गाठलं. मला वाटलं, कुठल्याही दुकानात दाखवू, दोन मिनिटांत काम. पण दुकानात नुसतं विचारायला कसं जायचं? पहिल्या दुकानात शिरलो तर तो पोरगा पँटी काढायलाच लागला. आठ पँटी काढल्यावर मी पुस्तक काढलं. तो म्हणाला, "भाई, ये तो पप्पाजी पढ़ते थे. पप्पाजी तो ऑफ हो गए." वडील वारल्याचं ऐकल्यावर काही न घेता बाहेर पडणं बरं दिसत नाही, म्हणून एक पँट घेतली. बेकरीवाल्यानं गल्ल्यावरच्या बायकोला दाखवलं, बायकोनं फोनवर बहिणीला विचारलं, बहिणीला हिंदी-इंग्लिश येतं, हे नाही. तिथे खारी घेतली. मच्छरदाणीवाला म्हणाला, "आपण सिंधी बोलतो साईं, वाचत नाही," तेही शुद्ध मराठीत. त्याची मच्छरदाणी डबलबेडची आहे, आपल्याकडे डबलबेड नाही. दोन तासांनी माझ्या हातात तीन पिशव्या आणि लिपी तिथल्या तिथेच.

शेवटी गल्लीच्या टोकाला, एका जिन्याखाली, घड्याळं दुरुस्त करणारे एक म्हातारे दिसले. पंच्याहत्तरीचे तरी असतील. हासानंद त्यांचं नाव. डोळ्याला भिंग लावलेलं. मी माझं घड्याळ काढून पुढे केलं (चांगलं चालत होतं, पण तोपर्यंत मला सवय लागली होती) आणि सोबत पुस्तक ठेवलं. त्यांनी घड्याळाकडे बघितलंच नाही. भिंग काढलं, पुस्तक हातात घेतलं आणि पालथं केलं. म्हणाले, "बेटा, तुमने उल्टा पकड़ा है. ये इधर से खुलता है."

दादा, समजलं का तुला? ती लिपी उजवीकडून डावीकडे जाते. आपलं शेवटचं पान ते त्यांचं पहिलं. तू मला पूर्ण गोष्ट शेपटाकडून सांगितलीस!

त्यांनी वाचायला सुरुवात केली, एकेक चौकट, मला हिंदीत सांगत. एक गरीब अनाथ पोरगा झाडाखाली उपाशी बसलेला आहे. म्हातारी येते, त्याला आपली भाकर देते. पुढे एक साधू त्याला घोडा देतो. घोड्यावरून जाताना अजगर आडवा येतो, पोरगा तलवारीनं त्याचे तुकडे करतो. म्हणून राजा खूश, त्याला राजकन्या देतो, मुकुट देतो, हत्तीवरून वरात निघते. तात्पर्य : मेहनतीचं फळ. एवढंच. असली गोष्ट कोणी पण लिहील.

मी म्हटलं, असं नाही हो काका, आमच्या घरची गोष्ट वेगळी होती. आणि त्या जिन्याखाली, स्टुलावर बसून, मी त्यांना तुझी गोष्ट सांगितली. राजा हत्तीवरून वरातीत चाललाय, पण त्याचं मन लागत नाही. (हे तू चित्र बघून ठरवलं असशील, चित्रकारानं त्याला खरंच रडका काढलाय.) तो मुकुट उतरवून परत करतो. जंगलात त्याला तुकडे झालेला अजगर दिसतो. राजाला कळवळा येतो. तो तलवार बाजूला ठेवून मलमपट्टी करतो, आणि पुढच्या चौकटीत अजगर जिवंत होऊन हा एवढा जबडा उघडतो. मी खाटेवर किंचाळायचो, "खातोय त्याला!" आणि तू म्हणायचास, "खात नाही रे, आभार मानतोय." मग राजा घोडा साधूला देऊन टाकतो, भाकर म्हातारीला देतो, आणि झाडाखाली एकटा बसतो. मला तिथे रोज रडू यायचं. तू सांगायचास, "रडतोस काय, आता त्याला चांगली झोप लागणार आहे." आणि मला झोप लागायची. आपल्या घरात भिंतीवर राज्य सोडून झाडाखाली बसलेल्या भगवंतांचाच फोटो होता, तू कुठून ढापलंस ते आज कळतंय. पण अकरा वर्षांचं पोर होतास रे तू! त्या पुस्तकात सगळे त्या पोराला देतच सुटलेत. तू ते फिरवून देणारा राजा केलास.

हासानंदकाका आधी खूप हसले. अजगराच्या आभारावर तर त्यांना ठसका लागला, मीच पाणी दिलं. मग त्यांनी पुस्तक मांडीवर ठेवलं. म्हणाले, "लिखनेवाले ने झूठ लिखा है बेटा. हमारा तो तेरे भाई वाला हुआ." शिकारपूरला दोन मजली घर होतं, वडिलांचा स्वतःचा टांगा होता. सोळा वर्षांचे असताना, फाळणीत, घर गेलं, टांगा गेला, घोडा शेजाऱ्याला सोपवला, बोटीतून मुंबई, आणि मग इथे लष्कराच्या रिकाम्या बराकीत, एका खोलीत तीन कुटुंबं. मी विचारलं, "नींद आती थी?" (हा काय प्रश्न झाला? पण तोंडातून गेला.) ते म्हणाले, "पहले साल नहीं आई. फिर माँ को हँसते देखा, तब आई." मग त्यांनी पुस्तकाचं एक पान परत वाचलं, या वेळी मोठ्यानं, सिंधीत, माझ्यासाठी नाही. समोरच्या दुकानातला पोरगा काम थांबवून बघायला लागला. पुस्तक परत देताना सोडवत नव्हतं त्यांना. मी म्हटलं, पंचवीस तारीख झाली की आणून देतो, तुम्हीच ठेवा. मी शब्द दिलाय, तुझी परवानगी न घेता. रागावू नकोस.

आता माझी पंचाईत बघ. त्या शनिवारी चाळीस पोरांसमोर काय वाचू? छापलेली गोष्ट सांगू तर ती माझं पहिलं पुस्तक नाही. तुझी सांगू तर भावना मॅडम विचारणार, कुठे लिहिलंय हे? काल रात्रभर खोलीत येरझाऱ्या. सोनियानं डबलबेडची मच्छरदाणी माझ्या अंगावर टाकली आणि चारही बाजूंनी दाबून ठेवली.

बाकी क्षेम. वहिनींना खारी आवडते, ती पाठवली असती, पण पोस्टात तिचा भुगा होईल.

तुझा,
सुजित

ता. क. : आज सकाळी शाळेत जाऊन आलो. वाचणाऱ्यांच्या यादीत माझं नाव होतं, ते खोडून 'नरेंद्र (पायलचे मोठे काका)' असं लिहून आलोय. मॅडमनी विचारलं, "त्यांना जमेल ना?" मी म्हटलं, मॅडम, ते कुठल्याही भाषेतलं वाचतात. तेव्हा शुक्रवारी, चोवीस तारखेला, संध्याकाळपर्यंत पोच. हत्तीचा आवाज मला जमत नाही, आणि म्हातारीच्या पानावर बकरी काय म्हणते ते मी साफ विसरलोय.

ता. क. दुसरा : हे लिहू की नको म्हणून दोनदा पाकीट बंद करून उघडलं. गृहप्रवेशाला सोनियाच्या भावानं, श्यामकांतनं, सगळ्यांसमोर तुला विचारलं होतं, "दादा, शिक्षण किती?" तू सरळ म्हणालास, "आठवी." आणि मी लगेच मध्ये तोंड घातलं, "पण रेल्वेत आहे." तुझा चेहरा मी पाहिला होता. तेव्हापासून दोन वर्षं तुला कधी ड्यूटी असते, कधी गुडघा. बाबा अंथरुणाला खिळले तेव्हा तू शाळा सोडलीस म्हणून मी बी.कॉम. झालो, हे मला त्या दिवशी सांगता आलं असतं. मी 'पण' म्हणालो. दादा, तो 'पण' मी परत घेतो. ये.