आमची अंतर्गत बाब

४ मार्च, सातारा
टी.वाय.च्या वर्गाला अण्वस्त्रांचा धाक शिकवला. बॉम्ब टाकायचा नसतो. तो आपल्याकडे आहे, एवढं समोरच्याला माहीत असलं की पुरे. लोणंदचा मतीन मागच्या बाकावरून म्हणाला, "म्हंजी तुमच्या कमी हजेरीच्या नोटिशीगत, सर. दाखवायची, बोर्डावर लावायची न्हाई." वर्ग हसला. मीही हसलो. जरा उशिरा.

५ मार्च
धाकाला वजन हवं. मतीनची हजेरी कमी आहेच. त्याचं हॉल तिकीट ऑफिसातून आणून माझ्या ड्रॉवरमध्ये ठेवलं, आणि वर्गाला तसं कळवलं. हा सूड आहे का? प्रामाणिकपणे स्वतःला विचारलं. नाही, शिस्त आहे. पुन्हा विचारलं. उत्तर तेच.

८ मार्च
मतीन माफी मागायला येईल म्हणून संध्याकाळपर्यंत केबिनमध्ये बसलो. आला नाही. म्हणजे घाबरला असणार.
बायकोला सगळं समजावलं. म्हणाली, "आवं, पोराचं वर्ष जाईल. बॉम्ब तरी शत्रूवर टाकत्यात." तिचा विषय गणित.

१२ मार्च
परवा सांगलीत विद्यार्थ्यांची लुटुपुटूची शिखर परिषद. 'अ' आणि 'ब' ही शत्रुराष्ट्रं. 'ब'ची अध्यक्ष माझीच विद्यार्थिनी, मतीनच्या वर्गातली नूरीन. समोर कुणी तोलामोलाचं नको? 'अ'चा अध्यक्ष मी झालो. भूमिका पक्की: आधी राजकीय कैदी सोडा, मग क्षेपणास्त्रांवर बोलू. मानवी हक्कांत तडजोड नाही.

१४ मार्च, सांगलीहून परतल्यावर
नूरीन पहिल्याच फेरीत म्हणाली, आम्ही सगळे कैदी सोडले, आता तुमच्या ड्रॉवरमधला एक सोडा, सर.
मी म्हणालो, ती आमची अंतर्गत बाब आहे.
सभागृह हसलं. हे वाक्य मी दरवर्षी हुकूमशहांचं म्हणून शिकवतो. पण इथे संदर्भ वेगळा आहे. एस.टी.त साताऱ्यापर्यंत विचार केला. वेगळाच आहे. बहुधा.

२० मार्च
उद्या पेपर. निर्णय: एकतर्फी शस्त्रकपात. दबावाखाली नव्हे, मोठ्या मनाने. पण अगदी शेवटच्या क्षणी देणार. किंमत कळली पाहिजे.

२१ मार्च
सुपरव्हिजन माझीच. तिकीट खिशात घालून गेटवर उभा राहिलो. मतीन दिसलाच नाही. पोराचं वर्ष गेलं, आणि ते मी घालवलं.
घंटा झाली. वर्गात आलो, तर मतीन आधीपासूनच जागेवर. बाकावर हॉल तिकीट. कुठून आणलं, विचारलं.
"ऑनलाइन येतंय की, सर. पैल्याच दिवशी काढलं. प्राचार्यांनी शिक्काबी मारला."
मग सांगितलं का नाहीस?
"म्हटलं, सरांचा धाक कशाला मोडायचा."
थोड्या वेळाने त्याने हात वर केला. पुरवणी हवी होती. नेऊन दिली.