पेटी क्रमांक ३१ मधील केसाबाबत

प्रति,
मा. विभागप्रमुख,
म्युऑन शोधक पेट्या जोडणी विभाग.

विषय : तारा ताणणाऱ्या ताईंना स्वच्छ कक्षात परत घेणेबाबत.
संदर्भ : माझाच टोपीमाफीचा अर्ज व त्यावरील आपली मंजुरी.

महोदय,

१. मी अंतिम तपासनीस. आपल्या पेट्यांत वायू आणि अतिशय बारीक तारा असतात. म्युऑन कण आरपार गेला की तार तशी खूण देते. पण आत एक केस जरी पडला, तरी पेटी न आलेल्या कणांचीही हजेरी लावते. हे मी प्रत्येक नव्या माणसाला बोट नाचवून ऐकवतो.

२. पेटी ३१ अशीच खोटी हजेरी लावू लागली. उघडली तर आत केस. मी खात्रीपूर्वक ताईंच्या वेणीकडे बोट दाखवले. त्या म्हणाल्या, "काका, माझे केस कमरेपर्यंत आहेत. हा नखाएवढा आहे." मी म्हणालो, तुटला असेल. "मग उरलेला शोधा ना!" मी शोधला नाही. आपण त्यांना खोकी बांधायला पाठवले. सहा वर्षांत त्यांची एकही तार सैल निघालेली नाही.

३. (या परिच्छेदात माझ्या अनुभवाचे वर्णन होते. रद्द समजावे.)

४. परिच्छेद २ मधील 'खात्रीपूर्वक' हा शब्द मागे घेत आहे. भिंगाखाली तो केस मुळाशी पांढरा होता. अहवालात मी फक्त 'काळा' लिहिले. विभागात मिशी रंगवणारा एकच इसम आहे, हे विभागाला आजवर माहीत नव्हते.

५. डोक्यावर केस नाहीत म्हणून मी कक्षातल्या सक्तीच्या टोपीतून माफी मागितली, आपण दिली. काल घरी सगळे सांगितले. बायको म्हणाली, "टक्कल मिरवत फिरलात, नाकाखाली काय आहे ते दिसलं नाही?"

४. (पुन्हा.) ते पांढरे मूळ मला तेव्हाच दिसले होते.

तरी ताईंना पुन्हा तारांवर घ्यावे, माझी टोपीमाफी रद्द करावी व खोकी बांधायला मला पाठवावे. तिथे केस गेला तरी चालतो.

आपला, पुरता उघडा पडलेला,
अंतिम तपासनीस
(आपला निर्णय होईपर्यंत)

दिनांक : आज. तीन आठवडे उशिरा.

सोबत :
१. टोपीमाफीच्या मंजुरीची प्रत.
२. मिशी, संपूर्ण, बंद पाकिटात. जुळवून पाहावी. एक केस कमी भरेल, तो आपल्या फायलीत आहे.