पहिल्या फाटकापर्यंत

नागपूर, १२ डिसेंबर १९८४

आईले रायभानचा जय भीम.

आम्ही तिघंही ठीक आहोत. दवाखान्यात जेवण चांगलं भेटते. आपला धान निघाला का? तुझा खोकला कसा आहे?

डॉक्टर म्हणते, पोरीले रोज सायंकाळी थोडं चालवा. म्हणून करुणाले घेऊन मी अन् शेवंता मागच्या रस्त्यानं फिरायले जातो. तिथी इंग्रजांच्या वेळचे सात मोठे बंगले आहेत. दारं आपल्या आलापल्लीच्या सागाची, असं चौकीदार सांगते.

तू विचारलं, पाण्याच्या कारंज्याच्या बंगल्यापुढचे बंगले मागच्या पत्रात काऊन लिवले नाई? आई, कारंज्याचा पाचवा. पहिल्या हप्त्यात करुणा तिथवर चालली, मंग तिसऱ्यापर्यंत. आता पहिल्याच फाटकाले धरून उभी राहते. आम्ही तोच बंगला पाहत राहतो. त्याच्या खिडक्या मले पाठ झाल्या.

डॉक्टर म्हणते, आता घरी नेलं तरी चालते. सोमवारच्या मोटारनं येतो. तिची गोधडी उन्हात टाकून ठेवजो.

ती बाजूलेच पडून आहे. म्हणते, "बाबा, आजीले लिवा, सातही बंगले पाहून झाले."

तिनं विचारलं, त पत्रात तसंच होतं म्हणून सांगजो.

तुझा,
रायभान