अकरावं पाऊल

रविवार, १२ मार्च
सकाळी

चि. भिंगरीस,

आशीर्वाद. इकडे सगळं ठीक आहे असं आधी लिहायचं असतं, म्हणून लिहितो. तुझ्या आईची सांधेदुखी जरा कमी आहे. जिभेची धार आहे तेवढीच आहे.

मागच्या रविवारी माझा सत्कार झाला. एकेचाळीस वर्षं कराटे शिकवल्याबद्दल. इस्पितळातल्या परिचारिकांना मागच्या व्हरांड्यात, शिवणकारखान्यातल्या बायकांना जेवणाच्या सुट्टीत गच्चीवर, अंध मुलींना त्यांच्या शाळेत, असं सगळं कुणीतरी वाचून दाखवलं. ऐकताना वाटलं, भला माणूस दिसतोय, एकदा भेटायला हवं. सन्मानचिन्ह पितळी आहे, चांगलं जड. तुझी आई म्हणाली, "दाराशी ठेवा. वाऱ्यानं दार फार आपटतं."

मग प्रात्यक्षिक झालं. दोनशे जण एकदम काता करायला उभे राहिले. काता मला पहिल्यापासून कवितेसारखी वाटत आली. ठरलेल्या हालचाली, ठरलेला क्रम, एकट्यानं म्हणायची. अजून डोळे मिटले की चौथीचा वर्ग दिसतो. बाकांवर तिरपं ऊन, आणि आम्ही पन्नास पोरं डोलत डोलत कविता म्हणतोय. एका कवितेतला एक शब्द मी वर्षभर चुकीचा म्हणत होतो. मास्तरांनी कान धरला तेव्हा मला मास्तरच चुकलेले वाटले.

तर ते दोनशे जण अकराव्या पावलाला आले आणि वळताना सगळ्यांनी डावा पाय ओढला. शेजारी बाहेरगावचे एक ज्येष्ठ परीक्षक बसले होते. ते हळूच म्हणाले, "सर, हे सगळे लंगडतात का हो?"

"आमच्या घराण्याची पद्धत आहे ती."

"अस्सं," म्हणाले. हसले असते तर बरं झालं असतं.

पद्धत कसली. माझ्या गुरुजींचा डावा गुडघा अपघातात गेला होता. वळताना त्यांना पाय उचलता येत नसे, ओढावा लागे. मी त्यांचं दुखणं पाठ केलं आणि तीच काता म्हणून पुढे शिकवली.

तुझ्या ब्लॅक बेल्टच्या परीक्षेत तू ते पाऊल पूर्ण उचलून टाकलंस. अशी गर्रकन वळलीस, अगदी भिंगरीसारखी. "सर, कातांच्या मूळ पुस्तकात असंच आहे," तू म्हणालीस. मी सगळ्यांदेखत विचारलं, "तू माझी मुलगी की पुस्तकाची?" लोक हसले. मी नापास लिहिलं. तू कमरेचा पट्टा सोडलास, घडी करून माझ्या टेबलावर ठेवलास आणि गेलीस.

मला तेव्हा ठाऊक नव्हतं, असं तुझ्या आईला आजवर सांगत आलो. ते खोटं आहे. ते पुस्तक मी तुझ्या दोन वर्षं आधी वाचलं होतं. दार लावून ते पाऊल टाकूनही पाहिलं होतं. इतकं सहज पडलं की पुस्तक मिटून कपाटात टाकलं. दुसऱ्या दिवशी वर्गात जाऊन मी पुन्हा पाय ओढला, कारण नाहीतर इतक्या लोकांना सांगावं लागलं असतं की तुमचा सर चुकला. तू बरोबर होतीस हे मला दिसत होतं. नापास केलं ते त्यासाठीच.

सत्काराला उत्तर देताना हे बोलणार होतो. उभा राहिलो, एक कविता म्हटली, टाळ्या घेतल्या आणि खाली बसलो.

काल मात्र वर्गात सांगितलं. माझा सगळ्यात जुना विद्यार्थी, आता स्वतःच टकला झालाय, म्हणाला, "जाऊ द्या ना सर. आता कशाला? असंच छान दिसतं." बाकीच्यांनी माना डोलावल्या. मी करून दाखवायला गेलो, तर पाय उचलेचना. ओढून ओढून तो आता खरोखरच तसा झालाय. ते पाऊल नीट टाकणारं आमच्यात एकच माणूस होतं.

ये म्हणत नाही. तो हक्क मी गमावला आहे.

त्या परीक्षेनंतर तू घरातही मला बाबा म्हणायचं सोडून सर म्हणायला लागलीस. आई चिडली होती. मी, खरं सांगतो, तेव्हा मनातून सुखावलो होतो. म्हणून सहीही तशीच करतो.

सर