न विचारता लावलेलं झाड

नोव्हाय, मिशिगन

प्रिय यतीन,

अनेक आशीर्वाद, आज जरा राग धरूनच.

तुझं पार्सल पोचलं. पितळेचं पान एक, त्यावर बाबांचं नाव, फोटो तीन, रंगीत पुस्तिका एक, आणि झाडाची पावती, अठराशे पन्नास डॉलर. हा खर्च वहीत कशाखाली मांडू, तूच सांग. मी अजून मांडलेला नाही.

बाबांच्या निम्म्या अस्थी मी नाशिकला गोदावरीत सोडल्या. उरलेल्या तू ओहायो नदीत सोडतो म्हणालास. वाहतं पाणी सगळं गंगाच, म्हणून मी मान डोलावली. आणि तू त्या कुणा श्रीमंताच्या इस्टेटीतल्या टेकाडावर, शोभेच्या झाडाखाली पुरून आलास! आईला सांगायचंही नाही?

पुस्तिका मी तुझ्या बहिणीकडून, रेणूकडून, दोनदा वाचून घेतली. मॅट्रिकचं इंग्रजी मला पुरतं, पण विश्वास बसेना. ते गोल टेकाड मुळात डोंगर नव्हेच. दोन हजार वर्षांपूर्वी इथल्या मूळच्या लोकांनी टोपल्यांनी माती वाहून आपल्या मेलेल्या माणसांवर ते रचलं. पुढे इस्टेटीच्या मालकाला ते दिवाणखान्यातून बोडकं दिसायचं, म्हणून त्यानं वर गोलाकार झाडं लावली. आता त्याचे वारस तिथली एकेक जागा विकतात, आणि हे सगळं कौतुकानं छापतात! फोनवर तुला विचारलं, तर म्हणे, "आई, चिल, हिस्टॉरिक साइट आहे. व्ह्यू बघ ना!" अरे, उद्या कुणी आपल्या गावच्या स्मशानात गुलमोहर लावून जागा विकल्या, तर तू व्ह्यू बघशील?

बाबांना पूजेला शेजारची जास्वंद हवी असली, तरी बेल वाजवून विचारायचे. लोक हसायचे, "गुरुनाथराव, देवाची फुलं चोरूनच आणायची असतात!" हे म्हणायचे, "देवाला चालेल हो, मला नाही चालत." अशा माणसाला तू न विचारता परक्यांच्या पितरांच्या उशाशी नेऊन ठेवलंस.

रेणूला म्हटलं, गाडी काढ, बाबांना उकरून घेऊन येऊ. पण देवापुढे वात लावताना मनात आलं, उकरायचं म्हणजे पुन्हा त्याच लोकांच्या अंगावर फावडं मारायचं. एकदा तू मारलंस तेवढं पुरे. तेव्हा तिथे हात लावू नकोस. त्यांच्या वंशातली माणसं ओक्लाहोमाकडे हाकलली गेली आणि अजून तिथे आहेत, असं रेणूनं शोधलंय. त्यांच्या वडीलधाऱ्यांचा पत्ता काढ. मी लिहिणार आहे, की आमचं माणूस न विचारता तुमच्या घरात शिरलंय; राहू द्याल की बाहेर काढाल, तुम्ही म्हणाल तसं. इंग्रजी तू करून दे, पण एक शब्द गोड करू नकोस. त्यांचं उत्तर येईपर्यंत पितळेचं पान देव्हाऱ्यात जाणार नाही. पत्ता उलट टपाली पाठव. फोनवर नको, फोनवर तू हसून वेळ मारून नेतोस.

तुझीच,
आई